बाप्तिस्म्यानंतरची वाटचाल : पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाईंचे नाव ठाऊक नाही असे घर आपल्या मंडळ्यांत सापडणे कठीण. रविवारच्या शाळेत वर्षातून एकदा तरी त्यांची गोष्ट सांगितली जाते. गंगामूळचे रान, आईबापांबरोबरची पायी यात्रा, दुष्काळ, कलकत्त्यात मिळालेली पदवी, विलायतेतील बाप्तिस्मा असा तिचा क्रम ठरून गेला आहे. तास संपत आला असला तर शिक्षक बाप्तिस्म्यापाशीच थांबतात आणि केडगावचे काम चार वाक्यांत आटोपतात. ऐकणाऱ्या मुलांची समजूत अशी होते की, बाप्तिस्मा झाला आणि बाई पूर्णत्वाला पोहोचल्या. आम्हाला ही गोष्ट दुसऱ्या टोकाने सांगावीशी वाटते. बाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली झाला व त्या १९२२ साली प्रभूजवळ गेल्या. मधली अडतीस वर्षे त्या वाढतच होत्या, आणि ही वाढ पुष्कळदा काहीतरी खाली ठेवून झालेली आहे.

खाली ठेवण्यासारखे त्यांच्याजवळ होते काय, हे समजण्यासाठी मात्र आरंभाकडे गेले पाहिजे.

२३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळच्या रानात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. स्त्रीला संस्कृत शिकवू नये असा त्या काळचा दंडक असताना त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, शिकवले आणि त्यापायी शास्त्रीमंडळींचा रोष पत्करला. घरची चीजवस्तू अतिथी व विद्यार्थी यांच्या सेवेत संपली, तेव्हा सारे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. देवळाच्या ओवरीत किंवा नदीच्या घाटावर पुराण वाचावे आणि ऐकणारे जे वाहतील त्यावर गुजराण करावी, असा त्यांचा संसार होता. भल्या पहाटे आई मुलीला पाठ देई. पंधरा-सोळा वर्षांच्या वयात भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना मुखोद्गत होते.

मग मद्रास इलाख्यातला दुष्काळ आला. १८७४ साली वडील गेले, पाठोपाठ आई गेली आणि नंतर थोरली बहीणही गेली. आईच्या तिरडीला खांदा द्यायला पुरेशी माणसे मिळेनात, म्हणून या मुलीला चौथी व्हावे लागले. उंची कमी, खांदा पोहोचेना, तेव्हा तिने तिरडीचे ते टोक डोक्यावर घेतले. एवढे सोसूनही बाईंनी पुढे त्या दिवसांविषयी लिहिताना दुःखाबरोबर एक गोष्ट अगदी सरळपणे कबूल केली आहे. आम्ही उपाशी होतो, पण भीक मागायला आणि मोलमजुरी करायला आमचा अभिमान आडवा येत होता, आणि पोट भरण्याचा कोणताही धंदा आम्हाला येत नव्हता, असा त्या कबुलीचा आशय आहे. वाचकांनी हे लक्षात ठेवावे. पुढे मुक्तीत आलेल्या मुलींच्या हाती माग, शेती व छापखाना आला, त्याची मुळे बाईंच्या या आठवणीत आहेत.

उरलेली दोघे भावंडे, श्रीनिवास व रमा, हिंडत हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथे या वीस वर्षांच्या मुलीचे संस्कृत ऐकून विद्वान थक्क झाले आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या मिळाल्या. त्याच शहरात ख्रिस्ती लोकांची एक बैठक तिने प्रथमच पाहिली. प्रार्थनेच्या वेळी लोक खुर्च्यांपुढे गुडघे टेकून बसलेले पाहून तिला वाटले, हे खुर्च्यांनाच भजतात की काय! ही आठवण मुलांना फार आवडते, शिक्षकांनी ती गाळू नये. तेथेच तिच्या हाती एक पवित्र शास्त्र देण्यात आले आणि ते होते संस्कृतातले. पंडितेला संस्कृत पुस्तक देण्यात देणाऱ्याचे काही चुकले असे नाही. पण ती भाषा तिच्या ओळखीच्या संस्कृताहून इतकी निराळी आणि आतली शिकवण इतकी वेगळी की, तिला त्यातून काही उमजेना. विद्वानांना थक्क करणारी बुद्धीही देवाच्या वचनापुढे प्रथम अडखळली, हे आम्हाला फार बोलके वाटते.

१८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ च्या एप्रिलात मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीला पटकीने नेले. तेविसाव्या वर्षी, दहा महिन्यांची मुलगी कडेवर घेऊन बाई विधवा झाल्या. पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली. १८८३ साली वैद्यक शिकण्याच्या हेतूने त्या इंग्लंडला गेल्या. कान अधू असल्यामुळे ते शिक्षण राहिले. वाँटेज येथील भगिनीसंघाच्या आश्रयाने त्या राहू लागल्या. लंडनच्या फुलहॅम भागात, वाट चुकलेल्या स्त्रियांना हात देऊन उभे करणाऱ्या भगिनींचे काम त्यांनी पाहिले आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट ऐकली. स्त्रीला अशा रीतीने वागवणारा गुरू त्यांना इतक्या शास्त्रांत कोठे भेटला नव्हता. फादर नेहेम्या गोऱ्हे यांच्या लेखनाने त्यांच्या पुष्कळ शंका फेडल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

येथे आपली नेहमीची गोष्ट संपते. आम्ही येथून हळू चालणार आहोत.

बाप्तिस्म्यानंतरच्या इंग्लंडातील दिवसांतली बाईंची पत्रे आज छापील मिळतात. ती वाचणाऱ्याला पहिली जाणीव होते ती त्यांच्या ताठ कण्याची. त्रैक्याविषयी, मंडळीच्या अधिकाराविषयी, प्रभूच्या जन्माविषयी त्या प्रश्नांवर प्रश्न विचारतात. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील त्यांना धीराने उत्तरे देतात, तर वाँटेजच्या भगिनी जेराल्डिन यांना ही आपली धर्मकन्या गर्विष्ठ वाटते. बाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे असे निघाले, तेव्हा मुंबई व लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. तीही बाईंना मानवली नाही. आणि मग आली क्रुसाची गोष्ट. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन शब्द होते. बाईंचे म्हणणे असे की, लॅटिन मला येत नाही, माझ्या देशभगिनींनाही येत नाही. शब्द हवेतच तर माझ्या देशाच्या प्राचीन आणि सुंदर भाषेतले, संस्कृतातले असावेत.

आपल्यापैकी कित्येकांना नम्रता म्हणजे वडीलधारे, पाळक किंवा मिशन सांगेल त्याला मान तुकवणे असे वाटते. त्या मापाने मोजले तर बाई नम्र नव्हत्याच. आम्हाला ते माप खोटे वाटते. जे मनाला पटलेले नाही ते पटल्याचे सोंग आणले असते तर बाईंचा रस्ता सोपा झाला असता, परंतु सोंगाने कोणी ख्रिस्तात वाढत नाही. तरीही भगिनी जेराल्डिन सर्वस्वी चुकल्या होत्या असे आम्ही म्हणणार नाही. बुद्धीचे बळ आणि विद्येची प्रतिष्ठा यांवर बाईंचा भरवसा तेव्हा मोठा होता. तो सुटायला अजून वर्षे लागायची होती, आणि तो सोडवला कोणा बिशपाने नव्हे.

१८८६ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. त्या समारंभासाठी बाई अमेरिकेस गेल्या आणि तीन वर्षे राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये निघाले आणि बॉस्टनला त्यांच्या कार्यासाठी संस्था उभी राहिली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. सदनात धर्माचा आग्रह करायचा नाही, असे ठरलेले होते.

बाहेरून पाहता सर्व साधले होते. जगभर नाव झाले होते, काम उभे राहिले होते, बाप्तिस्म्याला आठ वर्षे झाली होती. अशा वेळी, १८९१ च्या सुमारास, विल्यम हॅस्लम या इंग्लिश पाळकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. हा गृहस्थ कित्येक वर्षे उपदेशक होता, चर्च बांधीत होता, आणि आपल्याच व्यासपीठावर उपदेश करीत असता त्याला प्रथम उमगले की, आपण लोकांना ज्याच्याविषयी सांगतो त्याची आपल्याला ओळखच नाही. बाई ते वाचून स्वतःकडे पाहू लागल्या. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, त्याची शिकवण पटली, पण त्या धर्माचा जो प्राण तो ख्रिस्त आपल्याला अजून लाभलेला नाही, असा निर्णय त्यांनी स्वतःविषयी दिला. पुढे १९०७ साली साक्ष लिहिताना त्यांनी हे झाकून ठेवले नाही. आपण पापी आहोत, आणि पापी माणसाला जे फुकट मिळते तेच आपल्याला घ्यावयाचे आहे, हे या पंडितेने तेव्हा स्वीकारले. आयुष्यभर जिला विद्येच्या बदल्यात दक्षिणा मिळत गेली, तिला काही न देता घेणे किती जड गेले असेल!

एखाद्या नव्या विश्वासणाऱ्याने वर्षभरात सर्व काही समजून घ्यावे अशी अपेक्षा आपल्या मंडळ्यांत धरली जाते, आणि दृढीकरणाचा वर्ग संपला की त्याचे शिक्षण संपले असेही मानले जाते. रमाबाईंना आठ वर्षे लागली. देवाने घाई केलेली दिसत नाही.

या बदलाची परीक्षा लवकरच झाली. बाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत व दार उघडे ठेवीत. मुली आपखुशीने येऊन बसू लागल्या आणि पुण्यात गहजब उडाला. वर्तमानपत्रांनी झोड उठवली. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर यांसारख्यांनी सदनाच्या सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले आणि पालकांनी पंचवीसच्या आसपास मुली नेल्या. पालकांची बाजूही समजून घेतली पाहिजे. त्यांनी ज्या अटीवर मुली धाडल्या ती अट मोडली असे त्यांना वाटत होते, तर बाईंच्या मते त्यांनी कोणावर जबरी केलेली नव्हती. दार मात्र त्यांनी लावून घेतले नाही. लौकिक गेला, मित्र दुरावले आणि लोणावळ्याच्या शिबिरात त्या देवाजवळ गणित मांडून बसल्या. तेव्हा त्यांच्याजवळच्या विश्वासणाऱ्या मुली पंधरा. पंधराचा वर्ग करून दे, म्हणजे दोनशे पंचवीस दे, असे त्यांनी मागितले. रविवारच्या शाळेतल्या मुलांना पाटीवर हा हिशेब जरूर करायला लावावा.

उत्तर आले ते दुष्काळाच्या रूपाने. १८९६-९७ साली मध्य प्रांतात अन्नावाचून माणसे मरू लागली. बाईंना तिरडीचे ओझे आठवले असेल. त्या स्वतः गेल्या आणि उपाशी, आजारी, उवांनी भरलेल्या शेकडो मुली घेऊन आल्या. यांत उच्चवर्णीय विधवा थोड्या, बाकी सर्व जातींच्या. प्लेगमुळे पुण्यात एवढी माणसे ठेवता येईनात, तेव्हा केडगावच्या माळावर घेतलेल्या जमिनीत मुक्तीची वस्ती झाली. १९०० साली गुजरातचा दुष्काळ पडला आणि तिकडच्याही मुली आल्या. बडोद्याकडील आमच्या वाचकांना आपल्या भागाचा हा दुवा ठाऊक असावा. लवकरच संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवू लागल्या, आणि वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन झाले. फुलहॅमला जे पाहिले होते ते वीस वर्षांच्या आत माळरानावर उगवले. १९०५ साली मुक्तीत मोठी जागृती झाली व तिची वार्ता परदेशी पोहोचली. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले असल्याने आम्ही येथे विस्तार करीत नाही.

आम्हाला अधिक सांगायचे आहे ते दुसऱ्याच गोष्टीविषयी. त्या गोष्टीला गर्दी जमली नाही.

मुक्तीतल्या मुलींपैकी कोणाची घरची भाषा हिंदी, कोणाची गुजराती, कोणाची खेड्यातली मराठी. अक्षरओळख त्यांना येथेच झाली. त्यांच्या हाती जे मराठी पवित्र शास्त्र होते, त्यातले कितीतरी शब्द संस्कृताच्या घरचे, शिकलेल्यांना सोपे आणि यांना अवघड. शिवाय काही शब्दांबरोबर हिंदू तत्त्वज्ञानातले जुने अर्थ चिकटून येतात आणि वाचणारीच्या मनात भलताच अर्थ उभा राहतो, अशी बाईंना चिंता होती. तेव्हा त्यांनी निश्चय केला की, अगदी साध्या बाईला कळेल अशा मराठीत संपूर्ण शास्त्र आपण मुळावरून उतरवायचे. त्यासाठी त्या ग्रीक शिकल्या, इब्री शिकल्या. मराठीतून इब्रीचे व्याकरणही त्यांनी तयार केले. वय पन्नाशीकडे चाललेले, ऐकू येणे कमी कमी होत गेलेले, दोन हजार माणसांचा प्रपंच डोक्यावर, आणि ही बाई शाळकरी मुलीसारखी नव्या लिपीची अक्षरे गिरवते आहे! आयुष्याची शेवटची पंधराहून अधिक वर्षे त्यांनी या कामाला दिली.

एकदा क्रुसावर संस्कृत असावे म्हणून ज्या अडून बसल्या, त्यांनीच आता वाक्यावाक्यातून संस्कृत काढायला घेतले. वरवर पाहता हे उलटे दिसते. आम्हाला त्यात एकच धागा दिसतो, कारण दोन्ही वेळी त्यांना आपल्या भगिनींना कळण्याची चिंता होती. पण पहिल्या वेळी त्यांनी दुसऱ्याची भाषा नाकारली आणि दुसऱ्या वेळी स्वतःची बाजूला ठेवली. पहिले करायला धैर्य पुरते. दुसऱ्याला काय लागते ते ज्याने आपला सर्वात आवडता गुण कोणाच्या तरी सोयीसाठी म्यानात घातला असेल त्यानेच सांगावे. सुंदर शब्द जिभेवर येत असावा, तो नेमका असावा, कानाला गोड असावा, आणि तरी तो खोडून माळावरच्या मुलीचा शब्द लिहावा, असे रोज, पानामागून पान, कित्येक वर्षे चालले.

या भाषांतरात उणिवा आहेत हे सांगितले पाहिजे. मुळाला धरून राहण्याच्या हट्टाने काही ठिकाणी वाक्ये खडबडीत झाली आहेत, आणि एकटीच्या हातचे काम म्हणून जाणकारांनी त्यावर आक्षेपही घेतले. आपल्या बहुतेक मंडळ्यांत बायबल सोसायटीची भाषांतरेच वाचली जात आली, रमाबाईंचे नव्हे. म्हणजे ज्या कामासाठी त्यांनी इतके सोसले, त्याला मंडळीने व्यासपीठावर जागा दिली नाही. बाई त्याने थांबल्या असे मात्र दिसत नाही.

छपाईसुद्धा मुक्तीतच व्हावयाची होती. दुष्काळातून उचलून आणलेल्या मुली खिळे जुळवू लागल्या, यंत्रे चालवू लागल्या, कागद शिवू लागल्या. ज्यांच्यासाठी भाषांतर त्यांच्याच हातून ते छापले जात होते. नवा करार १९१३ साली निघाला. जुना करार त्याच्या किती तरी पट मोठा, तो पुढे चालू राहिला. १९१९ साली सरकारने बाईंना कैसर-ई-हिंद पदक दिले. त्याने दिनक्रमात काही फरक पडला नाही. पांढरे लुगडे आणि शाकाहारी जेवण पहिल्यासारखेच राहिले.

मग सर्वात जड ओझे आले. मुक्तीचा भार पुढे मनोरमाबाईंनी उचलायचा, असे सर्वांनी धरलेले होते. त्यांनी शाळा सांभाळल्या, आईचे कान अधू म्हणून आईचे कानही त्याच झाल्या. २४ जुलै १९२१ रोजी, चाळिसाव्या वर्षी, मनोरमाबाई वारल्या. आईबाप, बहीण, भाऊ, पती आणि आता एकुलती एक लेक, अशी सर्व माणसे बाईंनी पोहोचवली. तरुणपणी त्यांनी बिशपांना जाब विचारले होते. या वेळी त्यांनी देवाला जाब विचारल्याचे कोठे नमूद नाही. त्या पुन्हा कामाला बसल्या. शरीर खचलेले होते, मुद्रिते तपासायची राहिली होती.

५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे रमाबाई प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्या. भाषांतर पुरे झाले होते, पण छपाई उरली होती. मुलींनी ती चालू ठेवली. संपूर्ण पवित्र शास्त्र १९२४ साली मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले, तेव्हा बाईंना जाऊन दोन वर्षे झाली होती.